तानबाची मोजणी

तानबा कुमरेला शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं. वीसपर्यंत तो बोटांवर जायचा, मग दुसरी विशी, तिसरी विशी असं करत चौथ्या विशीत अडकायचा आणि हात झटकून मोकळा व्हायचा. पण सालईखेडीची एकशे बेचाळीस ढोरं तो रोज सकाळी रानात न्यायचा आणि रोज संध्याकाळी परत आणायचा. बावीस वर्षांत वाघानं नेलेल्या दोन गाई सोडल्या तर त्याचं एकही जनावर रानात राहून गेलं नव्हतं. त्या दोन गाईंची नावंही तो अजून घ्यायचा.

सालईखेडी हे सेलू तालुक्याच्या उत्तरेचं, बोरच्या जंगलाला पाठ टेकून बसलेलं गाव. एस.टी. हिंगणीपर्यंत यायची, पुढं पायीच. गावात कास्तकारांची चाळीसेक घरं आणि नाल्यापलीकडे गोंडांचा टोला, तिथं सोळा. तानबा टोल्यातला. बापाच्या आधी आजाही गावचा गायकीच होता, म्हणजे साऱ्या गावाची ढोरं राखणारा. सकाळी ढोरं जिथं गोळा होतात त्या आखरावर तानबा काठीला टेकून उभा राहायचा. ढोरं समोरून जायची. त्याचे ओठसुद्धा हलायचे नाहीत. शेवटचं ढोर गेलं की म्हणायचा, "पुंडलिकरावची मोरी नाई आली. व्यायची असंल आज," आणि खरंच पुंडलिकराव पाटलाच्या गोठ्यात मोरी त्याच वेळी विऊन राहिलेली असायची.

प्रेमदास ताकसांडे गुरुजी या गावात आले ते १९७६ साली. गुरुजी सिंदी रेल्वेचे. वय तेवीस, डी.एड. नुकतंच झालेलं. त्यांचे वडील रेल्वेत खलाशी होते आणि गुरुजींचं सगळं बालपण रुळांच्या आवाजात गेलेलं. त्यांना मालगाडीचे डबे मोजता यायचे, सिग्नलवरून गाडी कुठली ते सांगता यायचं. झाडं मात्र त्यांना तीनच ओळखू यायची, वड, लिंब आणि बाभूळ. आणि गाईचं त्यांना भेव वाटायचं. आखरावरून शाळेत जाताना ते छत्री मिटून काठीसारखी धरायचे.

तिसरी-चौथीला तेव्हा परिसर अभ्यासाचं पुस्तक आलं होतं. त्यात लिहिलेलं असायचं, मुलांना परिसरात न्या, झाडांचं निरीक्षण करू द्या. गुरुजींनी पुस्तक वाचलं, मग खिडकीतून परिसराकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक पान हातात घेऊन ते आखरावर आले.

"तानबाजी, हे कशाचं पान आहे?"

"कोठून तोडलं?"

"तोडलं नाई. रस्त्यात पडून होतं."

"मंग झाड न दाखवता पानाचं काय इचारता, गुरुजी? उद्या माणसाचं कापलेलं नख दाखवून नाव इचाराल, तं मी कसा सांगू?"

आखरावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. गुरुजीही हसले, आणि तिथून त्या दोघांचं जमलं. गुरुजी म्हणाले, "माझ्या वर्गाले शनिवारी रानात घेऊन जाल का? मीबी येतो."

"मले लिहता येत नाई."

"मले झाडं येत नाईत. बराबरी झाली."

त्या दिवसापासून शनिवारी तिसरी-चौथीची शाळा रानात भरू लागली. ढोरांमागे तानबाची बायको जिजाबाई जाऊ लागली. सकाळी काठी उचलताना ती न चुकता एक टोमणा द्यायची. "जा बाप्पा, मास्तर झाले आता. टोपी घेऊन टाका एक. मी हावो ना शेण तुडवाले."

तानबाचं शिकवणं म्हणजे चालणं. चालता चालता तो थांबायचा, झाडाच्या सालीवर तळहात ठेवायचा आणि पोरांनाही ठेवायला लावायचा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी. सालईची कागदासारखी सुटणारी. मोहाचं झाड दिसलं की त्याखाली कोणाचं घर मोहफुलं वेचतं ते तो सांगायचा, कारण त्याच्या लेखी ती माहितीही झाडाचीच होती. गुरुजी वहीत लिहून घ्यायचे आणि सोमवारी फळ्यावर मांडायचे.

एकदा गुरुजींनी त्याला विचारलं, "तानबाजी, तुम्ही ढोरं मोजत नाई, मंग कमी-जास्त कसं कळते?"

तानबाला हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. त्यानं काठी खांद्यावरून खाली घेतली. मग म्हणाला, "ढोर एकटं चालत नसते, गुरुजी. कपिलीच्या मांगं बांडी चालते. बांडीच्या डाव्या अंगाले हरणी. मोरी कोणाच्या संग जात नाई, पण चांदीले दिसंल अशी चालते. हे संगत असते. आपण संगत पाह्याची. बांडी मान वळवून वळवून पाहून राह्यली, म्हणजे हरणी मांगं राह्यली. मोजणारा मोजत राह्यते आन ढोर चुकते."

गुरुजींनी हेही वहीत लिहून घेतलं. पण लिहून घेतलेलं सगळंच माणसाच्या अंगात उतरतं असं नाही.

टोल्यातली एकही पोरगी तोवर चौथी पास झाली नव्हती. तानबाची स्वतःची लेक देवका दुसरीत असताना शाळेतून निघाली होती. काढली होती तानबानंच. त्या वर्षी वासरं फार झाली होती आणि त्यांना नाल्यावर वेगळं चारायला कुणी नव्हतं. देवका आता कारंज्याकडे सासरी होती. दिवाळीला आली की बापाशी गोड बोलायची, पण एस.टी.ची पाटी वाचायची वेळ आली की शेजाऱ्याला विचारायची, आणि तानबा तेव्हा दुसरीकडे पाहायचा.

म्हणून चंद्रभान सलामेच्या कोकिळेसाठी त्यानं शब्द टाकला. चंद्रभान त्याच टोल्यातला, लाकूडतोडीला जाणारा, कमी बोलणारा माणूस. कोकिळा त्याची थोरली. तिच्या पाठची सोनी तीन वर्षांची. आईबाप दोघं मजुरीला गेले की सोनी कोकिळेच्या कडेवर. पोरगी दुसरीपासून बहिणीला घेऊनच शाळेत यायची. वर्गात बोलायची मात्र नाही. पहिलीत असताना कुणीतरी आंब्याचं चित्र दाखवलं, ती "मर्का" म्हणाली आणि सारा वर्ग हसला, तेव्हापासून तिनं तोंड मिटलं होतं. ताकसांडे गुरुजींना ही गोष्ट तानबानं सांगितली. "बराबरच म्हणली होती पोरगी. आमच्या बोलीत आंब्याले मर्काच म्हंतेत." सोमवारी गुरुजींनी फळ्यावर आंबा लिहिलं, शेजारी मर्का लिहिलं. कोकिळा बोलली नाही, पण पाटीवर दोन्ही उतरवून घेतलं.

चौथीत गेल्यावर चंद्रभान तिला काढायला निघाला होता. "एक शब्द बोलत नाई मास्तरसमोर. काय शिकते ते? घरी राहीन तं भाकर तरी टाकंल."

"वर्षाची गोष्ट हाय," तानबा म्हणाला. "पोरगी माह्या जिम्म्यावर. तिले काही झालं तं मले इचार."

"तुमचा जिम्मा म्हणून धाडतो, तानबाकाका. काही कमीजास्त झालं तं त्या दिवसापासून शाळा बंद."

तानबानं मान हलवली.

कोकिळा पहिल्यांदा बोलली ती माघात, वासराच्या गोष्टीवर. नाल्याकाठी एक वासरू हंबरत उभं होतं. पोरं त्याला हाकलू लागली तेव्हा तानबानं थांबवलं. "राहू द्या त्याले. ते चुकलं हाय. चुकलेलं वासरू रानभर हिंडत नाई. शेवटी जिथं मायचं दूध पेलं, तिथं येऊन उभं राह्यते. गायबी त्याले हुडकत तिथंच येते. दोघंबी हिंडले असते तं कधीच भेटले नसते."

 मागून बारीक आवाज आला. "आन गाय नाई आली तं?"

तानबानं वळून पाहिलं. कोकिळा होती, कडेवर सोनी.

"येतेच," तो म्हणाला.

त्यानंतरच्या दुसऱ्याच शनिवारची गोष्ट. सालईच्या टेकडीवर जायचं ठरलं. सकाळी शाळेसमोर गुरुजींनी पोरं मोजली. सव्वीस. सोनी कडेवर होती, ती काही पटावर नव्हती. नाल्याकाठच्या मोठ्या बेहड्याखाली सगळ्यांनी भाकरी सोडल्या. कोकिळेनं भाकर पाण्यात भिजवून सोनीला चारली. मग टेकडी चढले, सालई पाहिल्या, साल हातात घेऊन वास घेतला, आणि पलीकडच्या उतारानं खाली आले. गावाकडच्या पांदणीच्या तोंडाशी गुरुजींनी पुन्हा मोजलं. सव्वीस.

"चला," गुरुजी म्हणाले. "बराबर आहेत."

तानबा मात्र जागचा हलला नाही. पोरं त्याच्यासमोरून पांदणीत शिरत होती, दोन दोन, तीन तीन, जशी रोज चालायची तशी. त्याचे ओठ मिटलेले होते.

"एक कमी हाय, गुरुजी."

"कसं कमी? दोनदा मोजले. सव्वीस."

"मोजा तुमी. पण सोनी कोणाच्या संग हाय, ते पाहा."

सोनी चौथीतल्या विमलाचं बोट धरून स्वतःच्या पायांनी चालत होती. एकटी मान वळवून वळवून मागे पाहत होती.

गुरुजींच्या लक्षात यायला क्षणभर लागलं. सकाळी कडेवर असलेली सोनी आता चालत होती, म्हणून एक डोकं वाढलं होतं. त्याच डोक्यानं कोकिळेची जागा भरून काढली होती. त्यांनी विमलाला थांबवून विचारलं.

विमलानं सांगितलं, "सोनीच्या पायातला चांदीचा वाळा पडला. उतारावर ध्यानात आलं. कोकिळा म्हणे, हिले धर, मी पाहून येतो."

"मी टेकडीवर जातो," गुरुजी म्हणाले.

"तुमी जाऊ नका. मंग मले दोन शोधा लागतील." तानबानं हे थट्टेत म्हटलं नव्हतं. "पोरं घरी न्या. चंद्रभानले सांगा. लपवू नका."

उन्हं कलायला लागली होती. टेकडीच्या त्या उतारावर पायवाटा सात-आठ, सगळ्या एकसारख्या, आणि तेंदूच्या झुडपांत अस्वलाचा वावर. तानबा हाका मारत उतार चढू लागला. दोनशेक पावलं चढला असेल. मग त्याचे पाय थांबले.

पोरगी वाळा शोधायला वर आली असेल. मागं वळून पाहिलं तर रांग गेलेली. मग ती काय करेल? रडत कोणतीही वाट धरेल, की त्यानं सांगितलेलं करेल? दिवस एवढाच उरला होता की एक तर टेकडी धुंडाळून होईल, नाहीतर वळसा घालून बेहड्यापर्यंत जाऊन होईल. दोन्ही होणार नव्हतं. टेकडीवर शोधणं शहाणपणाचं दिसत होतं. कुणीही तेच केलं असतं. नाल्यावरची वासराची ती एक ओळ पोरीनं खरी मानली असेल, यावर आपणच भरवसा ठेवावा का, हे तानबाला कळेना. ढोरांबद्दल त्याला कधी असं होत नसे. स्वतःच्या बोलण्याबद्दल मात्र त्याची खात्री नव्हती. आजवर त्याच्या बोलण्यावर कुणी आपला जीव ठेवला नव्हता.

त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि नाल्याच्या दिशेनं उतरायला लागला. उतरता उतरता पळू लागला. वय बावन्न.

बेहड्याच्या बुंध्याला पाठ लावून कोकिळा बसली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात गुडघ्यांभोवती. समोर भाकरीचे कुटके पडले होते आणि मुंग्या ते ओढून नेत होत्या. ती मुंग्यांकडेच पाहत होती. तानबाला पाहिलं तरी उठली नाही. तो जवळ जाऊन उभा राहिला तेव्हा उठली.

"भेव लागलं?"

"लागलं."

"रडली?"

"थोडीशी. पण हिंडली नाई."

तानबा खाली बसला. त्याला दम लागला होता. "मी आलो नसतो तं?"

कोकिळेनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू धडा ती शिकली होती आणि आजोबाच विसरला होता. "येतेच म्हणलं होतं ना, आबाजी."

तानबानं डोक्याचा शेला सोडला, तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "पाणी पेली?"

"नाई. उठली नाई ना."

दोघंही नाल्यावर गेली. ती ओंजळीनं पाणी प्याली. तानबा तिच्या मागं उभा राहिला, आणि आपण आधी टेकडी चढायला लागलो होतो हे तिला सांगायचं की नाही, याचा विचार करत राहिला. त्यानं सांगितलं नाही. जिजाबाईला मात्र घरी गेल्यावर सांगितलं.

आखरावर गाव जमलं होतं. ढोरंही त्याच वेळी परतलेली, त्यामुळे धूळ, हंबरणं आणि माणसं एकात एक. चंद्रभान खांद्यावर कुऱ्हाड टाकून उभा. तो रानात निघण्याच्याच बेतात होता. कोकिळा दिसताच सोनी धावत जाऊन तिच्या पायांना चिकटली. चंद्रभाननं कुऱ्हाड खाली ठेवली. कुणाला मारलं नाही, काही ओरडला नाही. फक्त तानबाकडे पाहून म्हणाला, "तुमचा जिम्मा होता, काका."

"होता."

"मंग झालं. उद्यापासून शाळा बंद."

"चूक माझी आहे, चंद्रभानभाऊ," गुरुजी पुढे आले.  "मी डोकी मोजली. सोनीले मोजलं आन कोकिळेले सोडलं. तानबाजींनी ओळखलं, मी नाई."

चंद्रभाननं त्यांचं ऐकून घेतलं आणि मुलीकडे वळला. "तू काऊन मांगं राह्यली?"

"वाळा शोधाले."

"सापडला?"

"नाई."

"मंग हाका काऊन नाई मारल्या? पळत काऊन नाई आली?"

आखरावर पन्नासेक माणसं उभी होती. तानबाला वाटलं, आता ही तोंड मिटेल. पण कोकिळा बोलायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही. "हाका मारल्या. कोणी ओ दिली नाई. वाटा लय होत्या, एक गावाकडं येते, बाकीच्या नाई येत, मले कोणती ते ठाऊक नव्हतं. पळाली असती तं आणखी चुकली असती. मंग सूर्य पाह्यला. सकाळी सूर्य आपल्या उजव्या हाताले होता, म्हणून खालचा नाला कोठी ते समजलं. बेहड्याखाली सोनीले भाकर चारली होती, तिथं जाऊन बसली. वासरू चुकलं तं शेवटी पेलं तिथंच उभं राह्यते. गाय तिथंच येते. दोघंबी हिंडले तं भेटत नाई."

 लहानपणी चंद्रभानही ढोरांमागं हिंडलेला होता. वासराची ही गोष्ट त्याच्या बापानं त्याला रानात सांगितलेली होती, आणि ती खरी आहे हे त्यानं दहा वेळा पाहिलं होतं.

"हे तुले कोणं शिकवलं?"

"शाळेत."

"शाळेत हे शिकवतेत?"

"हो. शनिवारी."

चंद्रभाननं कुऱ्हाड उचलली. सोनीला दुसऱ्या हातावर घेतलं. टोल्याकडे जायला निघाला, चार पावलं गेला आणि न वळताच म्हणाला, "वाळा तिच्या आजीचा होता. पाहा लागंल."

सोमवारी कोकिळा शाळेत आली. एकटी. सोनी घरी आईजवळ होती. आईनं आठवड्यातले तीन दिवस मजुरीला जाणं सोडलं, असं नंतर कळलं. आणि शनिवारी रांग निघाली तेव्हा सगळ्यांच्या मागं, वीसेक पावलांवर, चंद्रभान चालत होता.

"येतो का?" तानबानं विचारलं.

"वाळा शोधाले चाललो."

त्यानं उतारावर दोन तास वाळा शोधला. सापडला नाही. पुढच्या शनिवारीही आला. त्या दिवशी टेकडीला जायचंच नव्हतं, तळ्याकडे जायचं होतं. तो तळ्याकडेही वाळा शोधायला आला. वाटेत ढोरांमागं भेटलेली जिजाबाई म्हणाली, "लय मोठा वाळा होता वाटते. साऱ्या जंगलात पडला." चंद्रभान पहिल्यांदा हसला. त्यानं त्या दिवशी पोरांना मधाचं पोळं कोणत्या झाडावर बसतं आणि तिथून चार हात दूर का उभं राहायचं, ते दाखवलं. गुरुजींनी वहीत लिहिलं.

गुरुजींनी हजेरीही बदलली. पटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी जोड्या लिहिल्या. विमला कोणासोबत, कवडू कोणासोबत. परतताना ते मोजायचेही, सवय सुटत नव्हती. पण मोजून झाल्यावर रांग पुढून जाऊ द्यायचे आणि ओठ मिटून बघायचे. तानबा बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघायचा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कोकिळा चौथी पास झाली. निकाल ऐकायला चंद्रभान कामावरून आला नाही. तानबा गेला. वर्गाच्या दाराबाहेर, जिथं लहानपणी ढोरं सोडून तो पाढे ऐकत उभा राहायचा, तिथंच उभा राहिला. नाव आल्यावर परत आखरावर आला.

देवका त्या उन्हाळ्यात माहेरी आली. तिची थोरली सहा वर्षांची, सुलोचना नाव.  तिसऱ्या दिवशी जेवताना तानबा म्हणाला, "हिले इथंच राहू दे. इथली शाळा चांगली हाय."

देवका बापाकडे बघत राहिली. "मले तं वासरामांगं धाडलं होतं, बा."

"हो," तानबा म्हणाला. "चुकलोच."

 देवकानं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली. जाताना ती पोरीला ठेवून गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. कोकिळा आता हिंगणीला पाचवीत जाणार होती, गावातली आणखी तीन पोरं होती, सकाळी पायी. त्या पहिल्या दिवशी मात्र ती निघण्याआधी तानबाच्या दारात आली. सुलोचना खांबाआड लपली होती.

"चल," कोकिळा तिला म्हणाली. "शाळेपर्यंत माह्या संग. तिथून पुढं विमलाच्या बहिणीच्या संगतीनं बसजो. मी सांगून ठेवलं तिले."

दोघी आखरावरून गेल्या. ढोरं गोळा होत होती. तानबा काठीला टेकून उभा होता. त्यानं आधी ढोरांकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. सुलोचनानं कोकिळेच्या डाव्या अंगाला जागा धरली होती. तानबानं काठी उचलली आणि ढोरं रानाकडे वळवली.